मागं कोण बसणार?

टोमॅटोची पट्टी हातात आली त्या संध्याकाळी भाऊजींनी ओसरीवर मापाची टेप आणून ठेवली. गवंडी वापरतात तसली, पिवळी, पाच मीटरची. शेजारी एक रिकामं प्लास्टिकचं कॅरेट. आमचा जुना पिकअप चौदा वर्षं चालला. त्याच्या दाराचा पत्रा आता अंगठ्याने दाबला तरी आत जातो. माल वाहणाऱ्या गाडीला पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा आणि मग दर वर्षी पासिंग करून घ्यावं लागतं, त्यामुळे गेली सहा वर्षं पासिंगची तारीख आली की भाऊजी नारळ कबूल करतात. नवी गाडी घ्यायची हे ठरलं होतं आणि ती पिकअपच घ्यायची हेही. भांडण होतं केबिनवरून.

"नऊ फुटी हौदा पाहिजे," भाऊजी म्हणाले.

"आणि माणसं?" माझ्या लेकीने विचारलं.

"दोन. एक चालवणार, दुसरा शेजारी बसून झोपणार."

"मग मी माझी माणसं कुठं बसवू, काका? टपावर?"

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. टोमॅटो, कांदा, थोडी मिरची, आणि हंगाम नसेल तेव्हा गावातल्यांचं भाडं. लेक पुण्यातली नोकरी सोडून चार वर्षांपूर्वी घरी आली. पिंपळगाव जोगे धरणाच्या काठावर तंबू लावते, खिरेश्वरच्या बाजूने हरिश्चंद्रगड, कधी हडसर, कधी चावंड-जीवधन अशा मोहिमा काढते. गाडीचे अर्धे पैसे त्यांचे, अर्धे तिचे. मी जुन्नरला एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले. मला गाडी चालवता येत नाही, म्हणून मला पंच नेमलं. दोघांच्याही मते मी तटस्थ होते.

लेकीने आधी प्रकार समजावून सांगितले. सिंगल केबिन म्हणजे पुढची एकच सीट आणि तिच्या मागे लगेच हौदा. डबल केबिन म्हणजे चार दारं, मागे पूर्ण सीट, आणि त्या सीटने खाल्लेली जागा हौद्यातून वजा. अमेरिकेत या दोहोंच्या मधला एक आकार असतो. मागे अर्धवट दारं आणि मुलांनी कसंबसं बसावं एवढ्या घडीच्या सीटा. आपल्याकडे तो कुणी विकत नाही. माझा भाचा तिकडे असतो, त्याला फोन लावला तर तो म्हणाला, मामी, इथेही तो प्रकार मागे पडत चाललाय. टोयोटाने २०२४च्या टॅकोमात मधल्या केबिनची मागची सीटच काढून टाकली, तिथे आता सामान ठेवायची जागा आहे. भाऊजींना हे फार आवडलं. "बघा, अमेरिकेतसुद्धा सीट काढून सामान ठेवतात."

"काका, तो पुढे काय म्हणाला? बाकीचे सगळे चार दारांची घेतात."

"ते मला ऐकू नाही आलं."

लेकीच्या मनात खरं तर पांढऱ्या पाटीची गाडी होती. इसुझूची व्ही-क्रॉस आपल्याकडे २०१६ साली आली, टोयोटाची हायलक्स २०२२ साली. दोन्ही चार दारांच्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या आणि खाजगी म्हणून नोंदणी होणाऱ्या. हायलक्स ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते, म्हणजे माझ्या गुडघ्याच्या बऱ्याच वरपर्यंत. लेकीने तिचं वर्णन अर्धा तास केलं. भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि किंमत विचारली. एकीची पंचविसाच्या पुढे, दुसरीची तीस लाखांच्या आगेमागे. "एवढ्यात दोन एकराला ठिबक होऊन विहिरीचं काम निघतं," एवढंच ते म्हणाले, आणि तो विषय तिथे मिटला. लेकीनेही फार ताणलं नाही. त्या गाड्यांत माल किती टाकायचा त्याचा आकडाही बराच कमी असतो, हे तिला ठाऊक होतं.

उरले दोन पर्याय. बोलेरो पिकअपसारखी सिंगल केबिन, नऊ फुटी हौदा, दीड टनाच्या आसपास माल. किंवा बोलेरो कॅम्परसारखी डबल केबिन, पाच माणसं, एक टन माल, आणि हवी तर चारही चाकं ओढणारी. दोन्ही दहा लाखांच्या आतबाहेर, दोन्ही पिवळ्या पाटीच्या. पिवळ्या पाटीला वेगळा परवाना काढायला लागतो का, अशी मला शंका होती. लेक म्हणाली, नाही. साडेसात टनांच्या आतली मालगाडी साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२४ साली ते पक्कं केलंय.

आता टेप आणि कॅरेट बाहेर आलं.

कॅरेट एकवीस इंच लांब, चौदा इंच रुंद. भाऊजींनी अंगणात खडूने दोन चौकोन आखले, एक नऊ बाय साडेपाच फुटांचा आणि दुसरा पाच फुटांच्या थोडा आतला. मग एकच कॅरेट हातात घेऊन दोन्ही चौकोनांत ते ठेवत, उचलत, पुन्हा ठेवत खुणा करत गेले. सासूबाई बाजेवरून बघत होत्या. मोठ्या चौकोनात एका थराला वीस, आडवीतिडवी लावली तर बावीस. लहानात दहा. चार थर धरले तर इकडे ऐंशीच्या वर आणि तिकडे चाळीस.

"वीस किलोचं एक कॅरेट," भाऊजी म्हणाले. "दीडशे कॅरेटचा तोडा निघाला तर माझ्या दोन खेपा, हिच्या चार. नारायणगावला पहाटे गाडी लागली नाही तर लिलावात मागे पडायचं. भाव उतरला की डिझेलचेही पैसे निघत नाहीत."

"दीडशेचा तोडा किती वेळा निघतो?"

"निघतो की."

"किती वेळा, काका?"

भाऊजींनी खडू खिशात टाकला. मी वही काढते म्हटलं. आमच्या घरात तीस वर्षांच्या वह्या आहेत, कुठल्या दिवशी काय विकलं, कोण कुठं गेलं, सगळं लिहिलेलं. पण त्या रात्री वहीपर्यंत कुणी पोचलंच नाही, कारण भाऊजींनी दुसरा मुद्दा काढला. त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच होता असं मला अजूनही वाटतं.

त्यांनी माझी शाळेतली लाकडी मोजपट्टी मागितली आणि दोन खोडरबर. खोडरबर एकमेकांपासून लांब ठेवून त्यांवर मोजपट्टी ठेवली, तिचं मागचं टोक खोडरबराच्या बाहेर चार बोटं काढून. "ही चाकं. पुढची, मागची. आता बघा." दोन चाकांच्या मध्ये त्यांनी खडूची पेटी ठेवली. पट्टी जागची हलली नाही. मग तीच पेटी मागच्या टोकावर सरकवली. पट्टीचं पुढचं टोक टक्कन वर उचललं गेलं.

"डबल केबिनमध्ये हौदा मागं ढकलला जातो. निम्मा हौदा मागच्या चाकांच्या पाठीमागं. तिथं वजन टाकलं की पुढची चाकं हलकी होतात. घाटात, चढावर, चिखलात, पुढची चाकं हलकी म्हणजे स्टेअरिंग फिरवायचं आणि गाडीनं सरळ जायचं. लांब हौद्यात माल चाकांच्या मध्ये बसतो. वजनाचे कितीही आकडे सांग, वजन कुठं बसलंय ते बघ आधी."

लेक गप्प बसली. ती इंजिनिअर आहे, त्यामुळे हे तिला भाऊजींहून जास्त कळतं आणि तिला खोटं बोलता येत नाही. तिने मोजपट्टी स्वतःकडे ओढली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पण माझं वजन म्हणजे काय आहे? तंबू हलके. जड काय तर पाण्याचे कॅन, गॅसची टाकी, जनरेटर. ते मी केबिनच्या भिंतीला चिकटवून बांधणार, फाळक्याजवळ नाही. आणि माणसं?" तिने खडूची पेटी उघडून चार खडू मधोमध ठेवले. "मागच्या सीटवरची माणसं कुठं बसतात? दोन चाकांच्या मध्ये. तुमच्या हिशोबाने माणसं हाच सगळ्यात चांगला माल."

भाऊजी हसले.

"आणि रिकामी गाडी?" ती पुढे म्हणाली. "तुमच्या पिकअपचे पाटे दीड टनासाठी घातलेत. रिकामी असली की मागचा भाग बेडकासारखा उड्या मारतो. कच्च्या रस्त्यावर चाक हवेत गेलं की ओढणार काय?"

"म्हणून तर पावसाळ्यात मातीची दोन पोती टाकतो मागं."

"मी माणसं टाकते."

रात्र बरीच झाली तरी उठायला कुणी तयार नव्हतं. लेकीचं म्हणणं होतं की कच्च्या वाटेवर डबल केबिन बरी. भाऊजींनी ते खोडून काढलं आणि इथे मला त्यांचं पटलं. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर जेवढं जास्त तेवढं तिचं पोट उंचवट्यावर टेकायची भीती जास्त. तीन दारांच्या थारमध्ये ते अंतर २,४५० मिलिमीटर आहे, हायलक्समध्ये ३,०८५. हायलक्स टोकापासून टोकापर्यंत ५,३२५ मिलिमीटर, म्हणजे साडेसतरा फुटांच्या जवळ. चार दारांचा कुठलाही पिकअप असाच लांबलचक. तो बांधावरून थारसारखा उडी मारून जाणार नाही, मग त्याला चारही चाकांची ताकद असो वा नसो. "तुला डोंगर चढायचा असेल तर जीप घे," भाऊजी म्हणाले. "पिकअप रस्ता संपेपर्यंत न्यायचा असतो. पुढं पाय आहेत."

"मान्य," लेक म्हणाली. "पण तुमची नऊ फुटी काही लहान नाही. तिचं शेपूट नाल्यातून चढताना घासतं. मागच्या वर्षी फाळक्याखालचा दिवा कुठं गेला?"

तो दिवा पिंपळगावच्या ओढ्यात गेला होता. सगळ्यांना ठाऊक होतं.

मग ते वाक्य आलं जे आमच्याकडे कधी ना कधी येतंच. भाऊजी म्हणाले, "आणि माणसं जास्त झाली तर बसतील की हौद्यात. आपण सगळे असेच मोठे झालो. तुझ्या आईचं वऱ्हाड टेम्पोतून आलंय."

ते खरं आहे. ओतूरहून जुन्नरपर्यंत मी टेम्पोच्या हौद्यात, मुंडावळ्यांसकट, सतरंजीवर बसून आले. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. पण आता ओसरीवर कुणी बोलेना. २०२५च्या श्रावणात, सोमवारी, खेड तालुक्यात पाईटजवळ कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांनी भरलेला एक पिकअप चढावर मागे सरकत जाऊन खाली कोसळला. बायका गेल्या. आमच्या गावातल्या कुणाची मावशी, कुणाची वहिनी तिकडची. भाऊजींनी त्या आठवड्यापासून यात्रेचं भाडं घेतलेलं नाही, हे मला माहीत होतं. त्यांनाही बोलून गेल्यावरच उमगलं असावं.

लेक आवाज न चढवता बोलली. "काका, मालाच्या हौद्यात माणसं बसवली आणि काही झालं तर विमा कंपनी काही देत नाही. १९९४च्या दुरुस्तीनंतर मालगाडीत संरक्षण आहे ते मालाच्या मालकाला किंवा त्याच्या माणसाला. सहज चढून बसलेल्याला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलंय. जे काही होईल ते तुमच्या सातबाऱ्यावर येईल."

"सातबारा जाऊ दे," भाऊजी म्हणाले. "माणसं नाही बसवायची. ठरलं."

त्यांनी स्वतःच आपला एक हुकमाचा पत्ता टाकून दिला होता. पण लगेच दुसरा काढला, आणि हा लेकीला लागला. "मग तू सांग. तुझे पाहुणे पैसे देऊन येतात. त्यांना मालगाडीत घेऊन जायचा परवाना आहे तुझ्याकडं? मागं सीट आहे म्हणून ती गाडी काही टॅक्सी होत नाही."

हे तिला ठाऊक होतं, फक्त ती त्याकडे डोळेझाक करत होती. पैसे घेऊन माणसं न्यायची तर परवाना वेगळा, कर वेगळा, गाडी वेगळी. मालगाडीच्या केबिनमध्ये पाच सीटा असल्या तरी त्या आपल्या माणसांसाठी. पाहुण्यांसाठी ती मिनीबसच करते, पण शेवटच्या सात-आठ किलोमीटरच्या कच्च्या वाटेला मिनीबस जात नाही, तेव्हा काय करते ते तिने आम्हाला कधी सांगितलेलं नव्हतं.

"चालवते त्यांना," ती म्हणाली. "सामान गाडीत, माणसं पायी."

"मग पाच सीटा कशाला?"

"माझी माणसं आहेत ना. दोघी प्रशिक्षक, एक स्वयंपाकी, एक पोऱ्या. आणि मी."

आता मात्र मी वही आणली. गेल्या वर्षीची. दोघांना समोर बसवलं आणि बोटाने ओळ दाखवत वाचत गेले, जशी नववीची हजेरी घ्यायची तशी. टोमॅटोचे तोडे अठरा. त्यातले चाळीस कॅरेटच्या वरचे सात. कांद्याच्या खेपा चार दिवस. गावातल्यांचं भाडं एकतीस दिवस, त्यात खताची पोती, लोखंडी सळ्या, एकदा कुणाचं कपाट. लेकीच्या मोहिमा चोवीस शनिवार-रविवार, बहुतेकांना चार जण, तेही जुन्या पिकअपमध्ये दोघं आणि उरलेले दोघं मोटारसायकलवर. पावसातसुद्धा. सासूबाईंचा दवाखाना अकरा वेळा. त्यातला एक रात्री दोन वाजता, तेव्हा मी त्यांना मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले होते आणि भाऊजी गिअर टाकताना माझ्या गुडघ्याला हात लागायचा म्हणून ओशाळत होते. हे वहीत लिहिलेलं नव्हतं. पण मला वाचताना आठवलं.

"सात दिवस," लेक म्हणाली. "सात दिवसांसाठी नऊ फुटी?"

"दिवस मोजू नको, पैसे मोज," भाऊजी म्हणाले. "त्या सात दिवसांत वर्षाचे पैसे येतात."

"त्या सात दिवसांना भाड्याची गाडी करू."

"मिळते का? भाव चढला की सगळ्यांचा तोडा एकाच दिवशी. तेव्हा गाडीवाला फोनसुद्धा उचलत नाही. मी स्वतः उचलत नाही."

दोघांचंही बरोबर होतं. मला वाटतं, असे वाद कागदावर सुटत नाहीत याचं कारण हेच. प्रत्येकाने मापं आपल्या जागेवरून घेतलेली असतात. भाऊजींनी हौद्यातून, लेकीने स्टेअरिंगमागून. मागच्या सीटवर बसून अजून कुणीच मोजलं नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

रविवारी लेकीच्या ओळखीच्यांची डबल केबिन आली, कुठली ते सांगत नाही. भाऊजी चालवायला, लेक शेजारी, मागे मी आणि तिच्या दोघी प्रशिक्षक मुली. जुन्नरहून माणिकडोहच्या पाण्याकडेने घाटघरच्या रस्त्याला लागलो.

चढण्यापासूनच प्रसंग सुरू झाला. पायरी माझ्या गुडघ्याएवढी उंच, आणि डाव्या गुडघ्याने निवृत्तीच्या आधीच राजीनामा दिलेला. एका मुलीने वरून ओढलं, दुसरीने खालून उचललं. आत बसले तर पाठ एकदम ताठ. मागच्या सीटच्या पाठीमागे दोन बोटांवर काच आणि काचेमागे लगेच हौदा, त्यामुळे पाठ रेलायला जागाच नाही. मला शाळेतल्या बाकाची आठवण झाली, एकतीस वर्षं मी मुलांना ताठ बसा म्हणून सांगत होते. सांगाड्यावर बसवलेल्या गाडीची जमीन उंच असते, म्हणून गुडघे पोटाशी येतात. परत आलो तेव्हा मागच्या काचेवर माझ्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग पडलेला होता, अगदी नाण्यासारखा.

डांबरी सुटून जीवधनच्या पायथ्याकडच्या कच्च्या वाटेला लागलो तेव्हा गाडी रिकामीच होती. लेक म्हणत होती त्याच बेडकासारख्या उड्या. पुढे बसलेल्यांना त्या कळत नव्हत्या, ते बोलत होते. मागे आम्ही तिघी छतावरच्या कड्यांना लोंबकळत होतो. मला गाडी लागते. मी खिडकीशी तोंड नेलं, तर मागची काच निम्म्यावर येऊन थांबली.

"काका, थांबवा," लेकीने आरशात माझा चेहरा पाहिला असावा. खाली उतरून तिने वाटेकडेच्या टाकीवरून दहा कॅन भरले, प्रत्येकी वीस लिटरचे, आणि ते केबिनच्या भिंतीला लावून पट्ट्याने आवळले. दोनशे किलो. मग पुन्हा त्याच वाटेने गेलो आणि खोटं नाही सांगत, गाडी निम्मी शांत झाली. भाऊजींनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या दोन पोत्यांचं म्हणणं आणि तिचं भिंतीला चिकटवण्याचं म्हणणं, दोन्ही एकदमच सिद्ध झाली होती आणि दोघंही मनात स्वतःलाच गुण देत होते.

पुढे एका उंचवट्यावर पोट घासलं. खर्र असा आवाज माझ्या तळव्यांतून आला. भाऊजी काही बोलले नाहीत, पण "पुढं पाय आहेत" हे वाक्य गाडीत पुन्हा ऐकू आल्यासारखं वाटलं. आम्ही उतरून नाणेघाटापर्यंत चालत गेलो. सातवाहनांच्या काळापासून कोकणातला माल या खिंडीतून जुन्नरला चढायचा. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून आहे. माल बैलाच्या पाठीवर, माणूस बैलाशेजारी पायी. केबिनचा वादच नाही. भाऊजींना हे सांगितलं तर म्हणाले, "बैलाला पासिंगही नव्हतं."

परतताना मी म्हटलं, मी पुढे बसते, लेकीला मागे बसवा. दहा किलोमीटरमध्ये तिचा चेहरा पडला. उंच मुलगी, गुडघे पुढच्या सीटच्या पाठीत रुतलेले. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "तासाभराच्या वर नाही जमणार. पण तासाभरासाठी मोटारसायकलपेक्षा हजारपट बरं." प्रशिक्षक मुलींपैकी एक पटकन म्हणाली, "आणि कोरडं, ताई." गेल्या जुलैत ती चार तास पावसात मोटारसायकलवर मागे बसून आली होती. त्या एका शब्दावर बहुतेक सगळं ठरलं. भाऊजी आरशात तिच्याकडे बघत राहिले.

घरी आल्यावर भाऊजी ओसरीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, त्या सात तोड्यांचं काय करायचं ते मी बघतो. जुना पिकअप मोडीत नाही काढायचा. आणखी दोन हंगाम ओढेल. पत्रा बदलून घेतो. नवी चार दारांची घ्या. पण चारही चाकांची. नाहीतर हिला चिखलातून टोचन लावून आणायला मलाच यायला लागेल."

"दोन गाड्यांचा विमा, काका. दोन गाड्यांचं पासिंग."

"तू पाचशे रुपये जास्त लाव पाहुण्यांना."

मला वाटलं होतं मी निकाल द्यायचा. तो माझ्या हातात राहिलाच नाही. आणि खरं सांगायचं तर मला विचारलं असतं तर मी डबल केबिनच म्हटलं असतं, तेलाचा डाग आणि अर्धवट उघडणारी काच धरूनही. कॅरेटला रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायला लागत नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजी टेप घेऊन पुन्हा बाहेर पडले. या वेळी कॅरेट नव्हतं. त्यांनी सासूबाईंना उभं केलं, त्यांचा पाय सहज किती उचलतो ते जमिनीपासून मोजलं. नऊ इंच. मग गाडीच्या पायरीची उंची आठवून बोटांवर हिशोब करत राहिले. संध्याकाळपर्यंत सुताराकडून बाभळीचा एक दोन पायऱ्यांचा पाट करून आणला, वर घसरू नये म्हणून जुन्या टायरचं रबर ठोकलेला. "मागच्या दाराशी ठेवायचा," त्यांनी सासूबाईंना दाखवलं. "आई, यावर पाय ठेवून आत जायचं. आत मऊ गादी टाकू. तुम्ही ऐसपैस बसा."

सासूबाईंनी पाट उलटासुलटा करून पाहिला. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईने फर्निचरची तपासणी करावी तशी. मग म्हणाल्या, "मी मागं नाही बसणार. मागून काही दिसत नाही. मी पुढं बसेन, ड्रायवरच्या शेजारी. मागं हिला बसवा."

हिला म्हणजे मला.